मुक्काम कुठे करावा?

माणसानं क्षेत्राला जावं, तेव्हा रात्री पाठ कुठे टेकावी? देवाच्या गावात, की जवळच्या मोठ्या शहरात, जिथे गरम पाणी, स्वच्छ चादर आणि पहाटेची गाडी मिळते? वरवर पाहता हा सोयीचा प्रश्न आहे. मी सोलापूरला स्टेशनजवळ लॉज चालवतो. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. या प्रश्नाचं उत्तर लोक माझ्या काउंटरवर रोज देतात आणि माझं पोट त्यावरच चालतं. पण जितकी वर्षं हे बघतोय, तितकं मला पटत चाललंय की हा प्रश्न सोयीचा नाही, भक्तीचा आहे.

सोलापूरची जागाच तशी आहे. अक्कलकोट इथून ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर सत्तर-बहात्तर. थोडं पुढे कर्नाटकात गाणगापूर. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघते आणि सकाळी इथे पोचवते. २०२३च्या फेब्रुवारीत वंदे भारत आली. २०२५च्या जूनमध्ये होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. चारी दिशांचे रस्ते रुंद झाले. त्यामुळे माणसं सोलापुरात उतरतात, बॅगा खोलीत टाकतात, सात सीटची गाडी ठरवतात आणि विचारतात, "सकाळी अक्कलकोट, दुपारी तुळजापूर, तिथून पंढरपूर करून रात्री परत. बसतं का?" बसतं. मीच ड्रायव्हरला सांगून बसवून देतो.

या लोकांना मी कधी नावं ठेवली नाहीत आणि इथेही ठेवणार नाही. बरोबर म्हातारे आईवडील असतात, त्यांना जिने चढवत नाहीत. लहान मुलं असतात. बाईमाणसाला स्वच्छ संडास लागतो. नोकरीतून दोन दिवसांची रजा मिळालेली असते. पंढरपुरात मंदिर समितीचं भक्तनिवास आहे, मठ आहेत, धर्मशाळा आहेत, पण एकादशीच्या आसपास तिथे पाय ठेवायला जागा नसते. माझ्याकडे उतरणारा माणूस भक्तीत कमी आहे, असं म्हणणं पाप होईल. पोराबाळांना घेऊन शेकडो किलोमीटर येणारा माणूस काहीतरी ओढ असल्याशिवाय येत नाही.

तरीही एका बाईचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. नाशिककडच्या एक आजी मुला-सुनेबरोबर उतरल्या होत्या. तिन्ही ठिकाणं एका दिवसात करून मंडळी रात्री दहाच्या पुढे परतली. मुलगा चाव्या घ्यायला थांबला, तशा आजी काउंटरसमोरच्या बाकड्यावर बसल्या आणि पिशवी उघडली. आत चुरमुरे, बत्तासे, बुक्क्याची पुडी. मूठभर चुरमुरे माझ्या हातावर ठेवले, बोटावर बुक्का घेऊन माझ्या कपाळाला लावला. मी विचारलं, "आजी, दर्शन चांगलं झालं ना?"

"झालं की. पायावर डोकं ठेवायला मिळालं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "दर्शन झालं दादा, पण पंढरपूर राहिलं."

मी विचारलं, काय राहिलं? म्हणाल्या, "वाळवंटात बसायचं होतं जरा. कुणीतरी कीर्तन करत असतं, ते ऐकायचं होतं. आमच्या गावची माणसं भेटली असती. नुसतं बसायचं होतं हो." मुलगा तिथेच उभा होता. चांगला मुलगा. दिवसभर त्यानं आईला हाताला धरून फिरवलं होतं. तो म्हणाला, "आई, पाचला गाडी आहे, झोपायला पाहिजे." त्याचंही बरोबर होतं. आजी उठल्या.

काय राहिलं होतं त्या बाईचं? देव भेटला होता. रांग झाली होती, प्रसाद मिळाला होता. ज्यासाठी आल्या ते सगळं हातात होतं. तरी राहिलं ते काय, याचा मी बराच विचार केला.

माझा पुतण्या जर्मनीत नोकरी करतो. २०२५ साली रोममध्ये ख्रिस्ती लोकांचं ज्युबिली वर्ष होतं, त्या वर्षी तो बायकोला घेऊन तिकडे गेला. गावात हॉटेलं महाग, परतीचं विमान पहाटेचं, म्हणून दोघं फ्युमिचिनोला विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरली. विमानतळ रोमपासून सुमारे ३० किलोमीटर. सकाळी आगगाडीनं आत, रात्री बाहेर. त्यानं फोनवर सांगितलं, काका, सगळं बघून झालं. मला आपली सोलापूरची गिऱ्हाइकं आठवली आणि ज्युबिलीचं प्रकरण काय आहे ते मी वाचायला घेतलं. पहिली ज्युबिली पोप आठवा बोनिफेस यानं १३०० साली जाहीर केली. पापक्षालनासाठी संत पीटर आणि संत पॉल यांच्या मंदिरांना जायचं, पण एकदा जाऊन भागत नव्हतं. रोमच्या रहिवाशांनी ३० दिवस जायचं, परगावच्यांनी १५ दिवस. परक्या माणसाला निम्मी सूट दिली, तरी पंधरा दिवस मागितले. आल्प्स ओलांडून पायी आलेल्या माणसालाही सांगितलं की दारात येऊन हात जोडून लगेच परत फिरू नकोस, इथे दिवस काढ.

आपल्याकडेही हेच आहे. महिन्याची वारी करणारा वारकरी दशमीला पंढरीत पोचतो. एकादशीला चंद्रभागेचं स्नान, दर्शन, नगरप्रदक्षिणा, उपास, रात्री हरिजागर. द्वादशीला पारणं सोडून मग घरची वाट. माझी आई अशी जायची. या क्रमात मुक्काम आहे, पण झोप फारशी नाही. देवाच्या गावातली रात्र जागण्यासाठी असते. आषाढीला पालख्यांबरोबर आलेल्या दिंड्या पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होईपर्यंत थांबतात. अडीचशे किलोमीटर चालून आल्यावर दर्शन झालं की निघू, असं त्यांच्या शास्त्रात नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते. आषाढी-कार्तिकीची गर्दी सुरू झाली की पंढरपुरात देवाचा पलंग काढतात. शेजघरातला पलंग बाहेर निघतो, त्या दिवसापासून देवाची झोप बंद. शेजारती नाही, काकडा नाही, दर्शन चोवीस तास. उभं राहून देव थकेल म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला स्नान घालतात, शीण जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि मगच पलंग पुन्हा आत जातो. आपण कुठे झोपावं याची चौकशी करत येतो, तेव्हा तिथे यजमानानं आपली झोपायची जागा पाहुण्यांसाठी सोडलेली असते.

तुळजापूरला उलट. तिथे दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की भवानी पलंगावर निजते. नवरात्रात महिषासुराशी लढून ती दमलेली असते, म्हणून तिच्या या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. पलंग नगरहून येतो. अश्विन पौर्णिमेला मूर्ती पुन्हा सिंहासनावर बसते. त्या कोजागरीला सोलापुरातून माणसं रात्रभर चालत तुळजापूरला जातात. लाखांनी जातात, रस्ता गाड्यांना बंद करावा लागतो. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, कॉलेजची पोरं, सगळे. आमच्या लॉजवर चादरी धुणारी बाई दर वर्षी जाते. दर्शन घेते आणि एस.टी.नं परत येऊन दुपारी कामाला लागते. तुळजापुरात ती पाठ टेकत नाही, तिला खोलीची गरजच नाही. देवीची झोप संपण्याच्या वेळेला तिनं आपली झोप देऊन टाकलेली असते.

या बाईमुळे माझा एक समज स्पष्ट झाला. ज्यांच्याकडे वेळ भरपूर त्यांनाच क्षेत्र लाभतं, असं नाही. तिच्याकडे वेळ माझ्या कुठल्याही गिऱ्हाइकापेक्षा कमी आहे. एक रात्र, बस्स. पण ती रात्र तिनं अख्खी दिलेली असते. पायाला फोड आला तर पहाट लांबते. बरोबरच्या बाईला चक्कर आली तर सगळ्या थांबतात. कधी पोचायचं ते रस्ता ठरवतो.

आता कुणी म्हणेल, मग क्षेत्रातच राहिलं पाहिजे, बाहेर राहणारा अर्धा. हे मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि याचं कारण पंढरपूरच देतं. विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी, चोखोबांची समाधी आहे. जातीमुळे चोखोबांना आयुष्यभर देवळात जाऊ दिलं नाही. महिपतींनी भक्तविजयात सांगितलेल्या कथेत त्यांना पंढरपुरातूनही घालवून दिलं, नदीपलीकडे जाऊन राहा म्हणाले. ते गेले, तिथे त्यांनी दीपमाळ बांधली, आणि देव नदी ओलांडून त्यांच्या पंक्तीला जेवायला गेला. कथा बाजूला ठेवली तरी जे घडलं ते पुरेसं दारुण आहे. १३३८ साली मंगळवेढ्याला, आमच्याच जिल्ह्यात, गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. ज्या कुसाच्या आत त्यांना घर नव्हतं, ते कूस बांधताना गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या. तरी त्यांच्या माणसांना दार उघडायला १९४७चा मे महिना उजाडावा लागला, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं.

तेव्हा देवळाच्या जवळ कोण निजतो यावरून भक्ती मोजायची, तर चोखोबा सगळ्यात मागे आणि दार अडवणारे सगळ्यात पुढे, असा हिशेब होईल. तो हिशेब पंढरपूरनं कधीच मोडीत काढला आहे. आजही आषाढीला हजारो वारकरी नदीपलीकडे पासष्ट एकरांच्या मैदानात राहुट्या ठोकून राहतात. ते बाहेरच असतात, पण त्यांचं पंढरपूर राहून जात नाही.

आणि मुळात विठ्ठल स्वतः कुठे आहे? तो पुंडलिकाला भेटायला आला. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. त्यानं वीट पुढे सरकवली आणि सांगितलं, हातातलं काम होईपर्यंत यावर थांब. देव घराबाहेर विटेवर थांबला आणि अजून थांबलेलाच आहे. सारी पंढरी या थांबण्यावर उभी आहे. बाहेर राहण्यात कमीपणा असता, तर देवाला तो सगळ्यात आधी लागला असता. देवानं पुंडलिकाला एवढंच विचारलं नाही, की तुझं काम किती वाजता संपेल.

माझ्या मते सगळं इथे आहे. मुक्काम आत की बाहेर, हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा, की परतीची वेळ कुणी ठरवली? माझ्या काउंटरवरच्या रजिस्टरमध्ये रकाने आहेत: नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. माझ्या धंद्याला ते लागतं. क्षेत्रातल्या पुजाऱ्यांच्या वह्या वेगळ्या असतात. तुळजापूरला अजून पुष्कळ कुटुंबं आपल्या पुजाऱ्याच्या घरीच उतरतात, तिथेच पुरणपोळीचा नैवेद्य करतात. त्या वहीत आजोबा-पणजोबांची नावं असतात, कोण कधी येऊन गेलं ते असतं. तिथे उतरणारा माणूस त्या घराच्या अधीन होतो: त्यांचं पाणी येईल तेव्हा अंघोळ, त्यांचा स्वयंपाक होईल तेव्हा जेवण. गैरसोय होते आणि कधी कुणाचा वाईट अनुभवही येतो. पण काही काळ तरी माणसाचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात जातं. लॉजवर उतरणारा माणूस ते घड्याळ स्वतःजवळ ठेवतो. तो देवासमोर उभा असतो, तेव्हाही त्याला साडेचारला गाडी निघायची आहे हे ठाऊक असतं. आजींचं जे राहिलं, ते हेच होतं.

आमच्या सोलापूरचा जन्मसुद्धा अशाच एका परतीतून झाला आहे. बाराव्या शतकातली गोष्ट. सोन्नलगी नावाच्या या गावात सिद्धराम नावाचा मुलगा गुरं राखत होता. शेतात एक जंगम आला, नाव म्हणाला मल्लय्या. मुलानं त्याला हुरडा भाजून दिला. जंगम म्हणाला, तोंड पोळलं, दहीभात आण. मुलगा घरी धावला, दहीभात घेऊन आला, तर जंगम नाही. मुलगा रडत, हाका मारत निघाला. श्रीशैलला निघालेले यात्रेकरू भेटले, ते म्हणाले, मल्लय्या आम्ही दाखवतो. श्रीशैलला त्याला मल्लिकार्जुनाचं लिंग दाखवलं. मुलगा म्हणाला, हा माझा मल्लय्या नव्हे, आणि कड्याच्या टोकापर्यंत शोधत गेला. तिथे मल्लिकार्जुनानं त्याला सावरलं आणि सांगितलं, परत जा, तुझ्या गावाचंच श्रीशैल कर. सिद्धरामेश्वर परतले, त्यांनी तळं खोदवलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. आजही संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घातलेले भक्त सात नंदीध्वज खांद्यावर पेलून त्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात आणि तैलाभिषेक होतो.

या कथेतलं श्रीशैल कुणी विसरू नये. घरीच राहा, देव सगळीकडे आहे, हे मल्लिकार्जुन शेतातही सांगू शकला असता. त्यानं सांगितलं ते कड्यावर, मुलगा परतीचा विचार न करता तिथवर गेल्यानंतर. देव सर्वत्र आहे हे खरं आहे. पण ते ज्याला कळलं, त्याला ते घरी बसून कळलं नाही आणि परतीचं तिकीट खिशात ठेवूनही कळलं नाही. परत जा, असं देवानं सांगितलं म्हणून तो परतला, आणि म्हणून त्याची परत येण्याची जागा क्षेत्र झाली.

माझ्या लॉजवर उतरणाऱ्याला मी पंढरपूरला जाऊन राहा असं सांगत नाही. त्याचं शरीर, त्याची रजा, त्याची माणसं त्याला माहीत. मी एवढंच सांगतो की तीन ठिकाणं एका दिवसात करू नका, एक करा. पंढरपूरला जात असाल तर दर्शन झाल्यावर गाडीवाल्याला लगेच फोन करू नका. वाळवंटात जाऊन बसा. कीर्तन चालू असेल तर ते संपेपर्यंत बसा, ते कधी संपेल ते विचारू नका. चोखोबांच्या समाधीपाशी उभे राहा. आईला कुणी ओळखीचं भेटलं तर बोलू द्या. मग सोलापूरला येऊन झोपलात तरी तुमचा मुक्काम पंढरीतच झाला, असं मी समजतो.

आणि हे नुसतं सांगून भागत नाही, म्हणून आम्ही लॉजचा एक नियम बदलला. चेकआउटची वेळ उलटली की जादा भाडं लागायचं. आता देवाला गेलेल्या माणसाला यायला उशीर झाला, तर लागत नाही. बॅगा खोलीतच राहतात, माणसं येतील तेव्हा येतात. थोडा पैसा जातो. पण वाळवंटात बसलेल्या माणसाला माझ्या भाड्याच्या धास्तीनं उठावं लागणार असेल, तर त्याच्या आणि देवाच्या मध्ये मीच उभा राहिलो असं होईल, आणि दार अडवणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही.